राजाचं नसलेलं घड्याळ

माझं पत्रक त्यांनी हातात घेतलं, डाव्या डोळ्यात भिंग अडकवलं, कागद दिव्याखाली धरला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत इतके सावकाश सरकत गेले, जणू शाई कुठली आहे ते ठरवायचंय. मग भिंग काढून म्हणाले, "उद्गारचिन्हं अकरा आहेत. घड्याळाच्या मागे काय आहे, ते मात्र कुठे लिहिलेलं नाही."

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि उद्गारचिन्हांचा मला अभिमान होता. कंत्राटी कामगारांपासून गळक्या नळांपर्यंत कशावरही मी एका बैठकीत पत्रक लिहून द्यायचे. आमच्या गटात लिहिणारी मी एकटी. बाकीचे घोषणा द्यायचे.

"काका, मागे काय आहे ते नंतर बघू," मी म्हणाले. "आम्हाला तुमचं एक प्रमाणपत्र हवंय."

"मी आपला काका नाही. आपल्या वडिलांना मी पाहिलेलंही नाही. घड्याळजी म्हणा. तो माझा धंदा आहे."

म्हणून इथेही घड्याळजीच म्हणते.

मंडईमागच्या बोळात, लसूणवाल्यांच्या ओळीनंतर, एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. आत ताठ उभं राहिलं की डोकं पायरीला लागायचं. पाटी नव्हती. ज्याला गरज आहे तो विचारत येतो, असं त्यांचं म्हणणं, आणि लसूणवाले सगळ्यांना बरोबर पाठवायचे. ते सगळ्यांना 'आपण' म्हणायचे. भाजीवालीला, पोलिसाला, शाळेतल्या पोराला. दुकानात एक मांजर यायचं आणि नेमकं सुट्या चाकांच्या ताटलीशेजारी बसायचं. त्यालाही ते म्हणायचे, "आपण जरा सरकता का?" मांजर सरकायचं, हे मी स्वतः पाहिलंय.

हातात घड्याळ घालत नसत. वेळ हवी असली की बोळात डोकं काढून लसूणवाल्याला विचारत. कुणी हसलं तर म्हणत, "इथली सगळी माझ्याकडे बिघडली म्हणूनच आलीत. त्यांना विचारून कसं चालेल?"

हडपसरच्या एका कारखान्यात मापनयंत्रं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. माणूस मूळचा वर्ध्याकडचा. आमच्या घरात भिंतीवर जो निळ्या कोटातला फोटो आहे, तोच त्यांच्या जिन्याखाली होता, आणि तो पाहून मला वाटलं, चला, आपला माणूस आहे, काम झालं. काम झालं नाही. आपला माणूस आहे म्हणून त्यांनी मला दुप्पट छळलं.

आता काम काय होतं ते सांगते. तिथून दहा मिनिटांवर, दुकानांच्या वर पहिल्या मजल्यावर, एका ट्रस्टचं मोफत वाचनालय आहे. सकाळी पेपर वाचणारे म्हातारे, आणि दिवसभर स्पर्धा परीक्षांची मुलं. यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, बीड. सहा जणांत एक खोली घेऊन राहणारी, आणि त्या खोलीत अभ्यास होत नाही म्हणून इथे येऊन बसणारी. ट्रस्टला वाचनालय नकोसं झालं होतं. वेळ कमी कर, पंखे दुरुस्त करू नको, पेपर बंद कर, असं चाललं होतं. आम्ही त्याविरुद्ध उभे राहिलो. पण 'गरीब मुलांचा अभ्यास बुडेल' या वाक्याने या शहरात कुणाचीही झोप उडत नाही. वारसा म्हटलं की उडते. वाचनालयाच्या भिंतीत एका कोनाड्यात एक जुनं काळं घड्याळ होतं. तबकडीवर वळणदार अक्षरांत एक नाव आणि खाली पॅरिस. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, राजाच्या घड्याळजीने केलंय असं ऐकलंय बाई. मी फोनवर शोधलं, त्या नावाशी मिळतंजुळतं एक नाव सापडलं, आणि संध्याकाळी पत्रक छापून तयार: 'फ्रान्सच्या राजाच्या घड्याळजीने घडवलेला, काळ्या संगमरवरातला अमूल्य ठेवा! पुणेकरांनो, जागे व्हा!'

ट्रस्टचे अध्यक्ष म्हणाले, पुरावा दाखवा. म्हणून मी त्या जिन्याखाली गेले होते.

त्यांची एक पद्धत होती, ती सगळ्या गिऱ्हाइकांना लागू होती. घड्याळाला हात लावण्याआधी ते गिऱ्हाइकापुढे जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून ठेवत, मधोमध रेघ मारत आणि पेन्सिल देत. डावीकडे घड्याळाबद्दल जे स्वतः पाहिलंय ते लिहायचं, उजवीकडे जे ऐकलंय ते. माझी उजवी बाजू पाच मिनिटांत भरली. डावीकडे मी लिहिलं, 'काळं संगमरवर. फ्रेंच. चालू आहे.'

त्यांनी वाचलं. "संगमरवर कशावरून?"

"दिसतंय ना."

"दिसतंय काळं. संगमरवर आपण ऐकलंय. उजवीकडे घ्या. फ्रेंच?"

"तबकडीवर पॅरिस लिहिलंय!"

"मग 'पॅरिस लिहिलंय' एवढंच लिहा. माझ्या पुतण्याच्या बनियनवरही लिहिलंय."

शेवटी डाव्या बाजूला उरलं: काळं. चालू. मी रागाने लाल झाले होते. ते मात्र खूश दिसले. "चांगलं आहे," म्हणाले. "बऱ्याच जणांचं एवढंही उरत नाही."

एकदा एक गृहस्थ आजोबांचं घड्याळ घेऊन आले आणि त्यांची डावी बाजू कोरी राहिली. घड्याळजींनी त्यांना परत पाठवलं, म्हणाले, "आठ दिवस याच्या समोर बसून चहा घ्या, मग या." गृहस्थ भडकून गेले, आणि आठ दिवसांनी कागदाच्या दोन्ही बाजू भरून घेऊन आले. हे मला लसूणवाल्याने सांगितलं, म्हणजे घड्याळजींच्या हिशेबाने हे उजवीकडे जाईल. जाऊ दे.

त्यांना फ्रेंच येत होतं. म्हणजे अकरा शब्द येत होते. सगळे घड्याळांवरचे. एका वहीत त्यांनी ते अक्षर अन् अक्षर उतरवून काढले होते आणि समोर मराठी अर्थ. आवाँस म्हणजे पुढे, रतार म्हणजे मागे. तबकडीवर बाराच्या जवळ कधी कधी त्यांची पहिली अक्षरं असतात, घड्याळ जलद करायचं की संथ ते कळावं म्हणून. "उद्या एखादा फ्रेंच माणूस भेटला," ते म्हणायचे, "तर मी त्याला पुढे जा की मागे जा एवढं सांगू शकतो. तेवढ्यात त्याचं भागत असेल तर ठीक."

वाचनालयात ते आले ते एका मंगळवारी दुपारी. पिशवीत कापड, ब्रश, हातआरसा आणि एक छोटी बॅटरी. आले आणि घड्याळासमोरच्या बाकावर डोळे मिटून बसले. अर्धा तास. मुलांना वाटलं आजोबांना झोप लागली. वाशीमची एक मुलगी रोज त्याच बाकाशेजारी बसायची, ती हळूच म्हणाली, "ताई, यांना पाणी देऊ का?"

"लंगडतंय," घड्याळजी डोळे न उघडता म्हणाले. "एक पाऊल लांब, एक आखूड. डावा कोपरा खाली बसलाय."

मुलगी उठली, कोपऱ्यात पाहिलं. घड्याळाखाली जुन्या प्रश्नपत्रिकेची घडी सरकवलेली होती, ती एका बाजूने निसटली होती. तिने ती नीट आत सरकवली. टक, टक, टक. एकसारखं. सगळी खोली मान वर करून ऐकत राहिली. त्या दिवसापर्यंत मी त्या खोलीत तीन सभा घेतल्या होत्या आणि ते घड्याळ लंगडतंय हे मला कळलं नव्हतं.

मग त्यांनी मागचं झाकण उघडलं, आरसा आत धरला, बॅटरी पेटवली. आणि बोलायला लागले ते त्या मुलीशी. माझ्याशी नाही, कारण मी विचारत नव्हते, मी वाट बघत होते.

"हा दगड पाहा. नखाने खरवडा. लहानपणी पाटीवर लिहिलंत ना आपण?"

"हो. हे तसंच लागतंय."

"तोच. पाटीचा दगड. घासून, पॉलिश करून काळा केलेला. संगमरवर थंड लागतो आणि त्यात शिरा असतात. आता हे मागचं पितळ पाहा. गोल शिक्का दिसतो?"

"दिसतो. मधे नाव आहे. तबकडीवरचं नाही, वेगळंच आहे."

"वाचा."

तिने प्रयत्न केला. त्यांनीही केला. दोघांचे दोन उच्चार झाले. "आपण त्याला कारखाना म्हणू," ते म्हणाले. "घड्याळाचं यंत्र तिथे झालं. हजारोंनी व्हायची असली यंत्रं. चांगली, मजबूत, साधी. मग दुकानदार ती घ्यायचा, पेटीत बसवायचा आणि तबकडीवर स्वतःचं नाव घालून विकायचा. पुढचं नाव विकणाऱ्याचं. करणाऱ्याचं मागे, अंधारात."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. "ताई, म्हणजे तुम्ही दुकानदाराचं नाव छापलंत?"

मी, जी दर पत्रकात राबणाऱ्यांची नावं गाळली जातात म्हणून ओरडत होते.

"आणि राजा?" मी विचारलं. आवाज चढला होता.

"हा लंबक कशाला टांगलाय पाहा. पोलादी पट्टी आहे. जुन्या घड्याळांत रेशमाचा दोरा असायचा. आणि बाराच्या वर हे बारीक भोक. यात चावी घालून पुढून वेळ जलद-संथ करता येते. या सोयी, हा शिक्का, हा दगडाचा घाट, सगळं धरून मला वाटतं, हे घड्याळ झालं तेव्हा तिकडे राजा उरला नसावा. वाटतं म्हणालो. शपथेवर सांगणार नाही." मग लंबक हातात घेऊन उलटा केला. "यंत्रावर एक आकडा ठोकलाय, लंबकावर दुसरा. एकाच घरचे असते तर आकडा एक असता. हा दुसऱ्या कुठल्या घड्याळाचा. कुणीतरी आणून बसवलाय. बरा संसार चाललाय."

अहवाल त्यांनी कॅलेंडरच्या पानामागे तिथेच लिहिला. यंत्र फ्रेंच, कारखान्याचं, शंभरहून अधिक वर्षांचं. तबकडीवरचं नाव विक्रेत्याचं. तबकडीला केसाएवढ्या दोन चिरा. पेटी पाटीच्या दगडाची, आतून लेपाने जोडलेली, सांधे काही ठिकाणी सुटत आलेले. लंबक मूळचा नाही. चाकं झिजलेली पण निरोगी. नियमाने चावी दिली तर पुष्कळ चालेल. खाली सही.

"हे मी कसं छापू?" मी म्हणाले.

"छापू नका. मी छापायला दिलेलं नाही. आपण विचारलंत, मी पाहिलं."

"तुम्हाला कळतंय का, इथे मुलांचं काय पणाला लागलंय? तुमच्या एका शब्दाने वाचनालय वाचलं असतं!"

ते ब्रश कापडात गुंडाळत होते. "कुठल्या शब्दाने?"

मी तो कागद पिशवीत कोंबला आणि कुणालाही दाखवला नाही. आठवड्याभरात मी दुसरं पत्रक काढलं. राजा तोच, संगमरवर तोच, आणि त्यात भर म्हणून 'तज्ज्ञांनी पाहणी केली आहे' असं एक वाक्य. वाक्य खरं होतं. मी ते कसं वापरलं, ते मला आजही लिहायला जड जातं, म्हणून लिहिते.

पत्रकाचा परिणाम झाला. कधी नव्हे तो जोरात झाला. एका सकाळी वाचनालयाच्या दाराला कुलूप आणि त्यावर ट्रस्टची नोटीस: 'अमूल्य ऐतिहासिक घड्याळाच्या सुरक्षिततेसाठी वाचनालय पुढील सूचनेपर्यंत बंद ठेवण्यात येत आहे. घड्याळ लवकरच ट्रस्टच्या खराडी येथील मुख्य कार्यालयात हलवण्यात येईल.' अमूल्य हा माझा शब्द. ऐतिहासिकही माझाच. खराडीला त्यांची काचेची नवी इमारत झाली होती आणि तिच्या दर्शनी दालनात ठेवायला त्यांना काहीतरी हवंच होतं. ते मी शोधून, छापून, गल्लोगल्ली वाटून दिलं होतं.

मुलं जिन्यात बसली. प्रत्येक पायरीवर दोन. गोणी घेऊन जाणारा हमाल आला की सगळ्यांनी उठायचं, पुस्तकं छातीशी धरायची, तो गेला की परत बसायचं. वाशीमच्या मुलीची परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती. तिचा तिसरा प्रयत्न, आणि घरून शेवटचा म्हणून सांगितलेला. मी तिला म्हणाले, आपण उद्या ट्रस्टवर मोर्चा नेऊ. तिने पुस्तकातून मान वर केली.

"ताई, आंदोलन तुमचं. जिना आमचा."

मी तशीच उठून मंडईमागे गेले.

घड्याळजी एका गजराच्या घड्याळाची स्प्रिंग सोडवत होते. मी सगळं सांगितलं. दुसऱ्या पत्रकाचंही सांगितलं. त्यांनी स्प्रिंग हातात घट्ट धरून ठेवली, सुटू नये म्हणून.

"तर आता अहवाल जरा बदलून द्या," मी म्हणाले. "लिहा की घड्याळ अगदी सामान्य आहे. मोडकळीला आलंय. भंगार. म्हणजे त्यांना ते नकोसं होईल आणि कुलूप निघेल."

"गेल्या महिन्यात आपल्याला राजाचं हवं होतं."

"हो, पण..."

"आज भंगार हवंय."

"मुलांसाठी मागतेय मी! स्वतःसाठी नाही!"

"तेव्हाही मुलांसाठीच मागत होतात." ते एवढंच म्हणाले, चढ्या आवाजात नाही, हिशेब तपासल्यासारखं. मग स्प्रिंग हळूहळू मोकळी केली, ती टेबलावर उलगडून पडली, आणि त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "अहो बाई, घड्याळ दोन्ही वेळेला तेच आहे. कारखान्याचं, चांगलं, झिजलेलं. मी लिहिलं तेवढं आहे. मी येतो आणि तेच वाचून दाखवतो. पण आधी आपण आपलं पत्रक दुरुस्त करा. एकाने अर्धवट उघडून ठेवलेलं यंत्र मी हातात घेत नाही."

मला वाटलं होतं, मी तिथून पाय आपटत निघेन. मी पेन्सिल मागितली.

ते माझं सगळ्यात छोटं पत्रक. चौदा ओळी. घड्याळ राजाच्या घड्याळजीने केलेलं नाही, ते आम्ही न पाहता छापलं. तज्ज्ञांनी आम्हाला खरं सांगितलं होतं, ते आम्ही दडवलं. तबकडीवरचं नाव दुकानदाराचं आहे. घड्याळ कारखान्यातल्या कामगारांनी केलंय. आमच्या चुकीमुळे चाळीस मुलं जिन्यात बसली आहेत. आम्ही चुकलो. आमच्या गटातला एक जण म्हणाला, वेड लागलंय का, चळवळीत असं कुणी लिहितं का, उद्या आपल्यावर कोण विश्वास ठेवेल? दोघांनी वाटायला नकार दिला. मी एकटीने वाटलं. मंडईत एका बाईने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे निवडणुकीला उभी राहणार नाहीस तर." मी म्हणाले, नाही. ती म्हणाली, "बरं," आणि पत्रकात मिरच्या बांधल्या नाहीत, घडी घालून कमरेला खोचलं. एवढा मान माझ्या कुठल्याच पत्रकाला मिळाला नव्हता.

घड्याळ हलवायच्या दिवशी अध्यक्ष स्वतः आले. सोबत दोन माणसं, खोके, फुग्याफुग्यांचा प्लास्टिकचा कागद. ग्रंथपाल मॅडमनी कुलूप उघडलं. कोंदट वास आला. घड्याळजी आणि आम्ही मागोमाग आत गेलो, मुलंही गेली, कुणी कुणाला विचारलं नाही. घड्याळ बंद पडलं होतं; घड्याळजींनी आधी मागचं झाकण उघडून बॅटरीने आत पाहिलं.

अध्यक्षांच्या हातात माझं चौदा ओळींचं पत्रक होतं. "हे तुमचंच ना?" मला म्हणाले. "आणि त्याआधीची दोनही तुमचीच. कुठलं खरं धरायचं आम्ही?"

"तिसरं," मी म्हणाले. "आणि हे या घड्याळजींना विचारा."

घड्याळजींनी अहवाल वाचला. एका सुरात, नोटीस वाचावी तसा. वाचून झाल्यावर अध्यक्षांचा चेहरा जरा उतरला. "म्हणजे यात खास काही नाही."

"खास म्हणजे?"

"दुर्मीळ वगैरे."

"नाही. पुष्कळ निघाली असली. पुष्कळ टिकली नाहीत. हे टिकलं, कारण इथे कुणीतरी दर आठवड्याला चावी देत आलं. शोभेच्या घड्याळाची चाकं अशी झिजत नाहीत."

"मीच देते," ग्रंथपाल मॅडम मागून म्हणाल्या. "माझ्या आधीचे ग्रंथपाल द्यायचे. दर शनिवारी."

"ठीक आहे. तरी पण आता नेतोच आहोत तर नेऊ," अध्यक्ष म्हणाले. "तिकडे एसी आहे. सुरक्षित राहील."

"न्या," घड्याळजी म्हणाले. "फक्त आधी मागे बोट लावून पाहा. तिथे, सांध्यावर."

अध्यक्षांनी बोट लावलं. बोटाला पांढरी भुकटी लागली.

"या दगडाच्या फळ्या आतून त्या लेपाने धरल्यात. खोली उघडी होती, वारा होता, तोवर तो धरून होता. तीन आठवडे खिडक्या बंद, ओल कोंडली. आत पोलादावर गंज चढलाय, तो मी बॅटरीने दाखवतो. आजच्या आज पेटीसकट उचललंत तर फळ्या हातात येतील. नाहीतर आणखी एक पावसाळा कुलूप ठेवा. मग हलवायला फारच सोपं. प्रत्येक तुकडा वेगळा नेता येईल, दोन माणसंही लागणार नाहीत."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्ष हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत. बोटावरची भुकटी बघत राहिले. "तुम्ही यांच्या बाजूचे का?" त्यांनी घड्याळजींना विचारलं.

"बाजू? घड्याळाला दोन आहेत. आपण पुढची पाहिलीत, मी मागची."

"आणि चोरीला गेलं तर? एवढा गवगवा झाल्यावर?"

हे मात्र खरं होतं, आणि तो गवगवा माझा होता. मी तोंड उघडणार, एवढ्यात वाशीमची मुलगी पुढे आली.

"सर, आम्ही सकाळी सातला येतो आणि तुम्ही बाहेर काढेपर्यंत इथेच असतो. चाळीस जण. एवढं दगडाचं घड्याळ आमच्या डोळ्यासमोरून कोण उचलून नेणार? आम्हाला तर चहाला जायलाही वेळ नसतो." मग थांबून, खालच्या आवाजात, "माझी परीक्षा सोळा दिवसांवर आहे, सर."

मी अध्यक्षांना पत्रकांमध्ये बरंच काय काय म्हटलं होतं. त्यातलं थोडं अजूनही मागे घेणार नाही. पंखे त्यांनीच बंद ठेवले होते. पण त्या क्षणी त्या माणसाने तिच्याकडे नीट पाहिलं, हे मी स्वतः पाहिलं. ते खुर्चीवर बसले. "सोळा दिवस," स्वतःशीच म्हणाले. मग त्या दोन माणसांना म्हणाले, "खोके परत न्या." आणि ग्रंथपाल मॅडमना, "रोज उघडा. खिडक्या उघड्या ठेवा. घड्याळाची जबाबदारी मला लेखी पाहिजे, सगळ्यांच्या सह्यांनिशी." कुणीतरी वहीतलं पान फाडलं. चाळीस सह्या व्हायला वेळ लागला. अध्यक्षांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि जाताना पंख्यांकडे एकदा वर पाहिलं. पंखे पुढच्या महिन्यात दुरुस्त झाले. त्याबद्दल आम्ही पत्रक काढलं नाही, काढायला हवं होतं.

घड्याळजी आता पुण्यात नाहीत. दुकान आवरून लेकीकडे गेले, वर्ध्याला. तिकडे गावातली बंद घड्याळं शोधत फिरतात असं लेक फोनवर सांगते, आणि वैतागून सांगते. मी आता तिशीला आले. वाचनालयाचं पुढे काय करायचं यावर ट्रस्टशी आमचं भांडण अजून चालू आहे, आणि दर वर्षी आम्ही एका वर्षासाठी जिंकतो. पण मला त्यांची आठवण येते ती त्या दुपारची.

अध्यक्ष गेल्यावर त्यांनी घड्याळाला चावी दिली, काटे हाताने चारवर आणले. घड्याळाने टोले दिले. नऊ. मुलं हसायला लागली.

"बिघडलं?" मी घाबरून विचारलं.

"नाही. काटे एकीकडे आणि टोले दुसरीकडे राहिलेत. बंद पडलेल्यांचं होतं तसं. मागे एक लहानशी दांडी आहे, ती उचलली की पुढचे टोले पडतात. चार येईपर्यंत उचलत राहायचं." त्यांनी बाजूला होऊन मला जागा दिली. "आपण करा. आपल्याला आवाज करायची सवय आहे."

मी दांडी उचलली. अर्ध्या तासाचा एक. परत उचलली. दहा. मुलं मोजायला लागली, आधी दोघं-तिघं, मग सगळीच, परेडला मोजतात तशी. एक. मग अकरा. एक. मग बारा, आणि बाराला कुणीतरी टाळ्या वाजवल्या. खाली दुकानदार रस्त्यावर येऊन वर बघायला लागले. ग्रंथपाल मॅडमनी सवयीने 'शांतता' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. एक, एक, एक. मग दोन. एक. माझं बोट काळं झालं होतं. तीन. एक. मग मी दांडी शेवटची उचलली.

एक. दोन. तीन. चार.

पाचवा पडतो का, म्हणून सगळी खोली श्वास धरून होती. पडला नाही. टकटक तेवढी चालू राहिली. खुर्च्या सरकल्या, खिडक्या उघडल्या गेल्या, आणि मी मागे वळून पाहिलं तर वाशीमच्या मुलीने पुस्तक केव्हाच उघडलं होतं.